माफीचा कागद

शुक्रवारच्या मराठी वर्गाच्या हजेरीपटावर अकरा नावं होती. त्यातली दहा नावं सात ते बारा वर्षांची होती आणि अकरावं चौऱ्याऐंशी वर्षांचं.

वर्ग विभावरीबाईंचा. नाशिकच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई जुलैअखेर मुलाकडे, अनयकडे, दोह्याला आल्या. अबू हमूरच्या त्या कंपाउंडात एका साच्यातून काढल्यासारखे बावीस व्हिला, मधोमध पोहण्याचा तलाव आणि तलावाशेजारी एक हॉल. फाटकासमोर रहमानभाईंचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. त्यापलीकडे गाडीशिवाय जायची सोय नाही. तिसऱ्याच आठवड्यात बाईंचे हात खडूसाठी शिवशिवायला लागले. घरात अकरा वर्षांची नुपूर होती, पण आजीने मराठीत विचारलं की नात इंग्रजीत उत्तर द्यायची. मग बाईंनी कंपाउंडातली आणि आसपासची मराठी मुलं गोळा केली आणि शुक्रवारी सकाळी नऊचा वर्ग सुरू केला. साडेदहाला सोडायचा, कारण रहमानभाईंच्या नातीला, इनायाला, घरी जाऊन जुम्म्याच्या जेवणाची तयारी करू लागायची असे.

वर्गात बाईंचा एकच कडक नियम होता. "माहीत नसेल तर रिकामी जागा सोडा. मनचं काही भरू नका. रिकाम्या जागेचे मी गुण कापत नाही, मनच्या उत्तराचे कापते." मुलांना हा नियम फार आवडायचा. कुणालची तर अख्खी वही रिकाम्या जागांनी भरलेली असायची.

चौऱ्याऐंशी वर्षांचं नाव चिझुको हायासे यांचं. चौदा नंबरच्या व्हिलात त्या मुलाकडे राहत. मुलगा गॅसच्या कारखान्यात इंजिनियर. नऊ वर्षं झाली होती त्यांना इथे येऊन. मुलांचा आवाज ऐकून एकदा त्या हॉलच्या दारात उभ्या राहिल्या, मग मागच्या खुर्चीवर बसल्या, आणि तिसऱ्या शुक्रवारी हजेरी संपता संपता त्यांनी स्वतःच हात वर केला आणि म्हणाल्या, "हाजारु!"

मुलं खो खो हसली. बाईंनी मात्र गंभीरपणे पेन उचललं आणि पटावर अकरावं नाव लिहिलं.

त्या दिवसापासून ऊन कललं की दोघी तलावाभोवती फेऱ्या मारू लागल्या आणि दमल्या की कडुलिंबाखालच्या बाकावर बसू लागल्या. बोलायचं कशात हा प्रश्नच होता. बाईंचं इंग्रजी पुस्तकी, चिझुकोबाईंचं मोजून पन्नास शब्दांचं. त्यात त्या इथल्या ड्रायव्हर-मोलकरणींशी बोलताना उचललेले चार अरबी शब्द मिसळत. 'खलास' म्हणजे संपलं, 'यल्ला' म्हणजे चला, एवढं बाईंनाही आलं होतं. बाकीचं हातवाऱ्यांनी भागायचं. गंमत म्हणजे दोघींना कधी अडल्यासारखं वाटलं नाही.

"इथली माणसं फार अदबशीर आहेत गं," बाईंनी नाशिकला बहिणीला, रत्नप्रभाला, फोनवर सांगितलं होतं. "समोरच्या दुकानात कढीपत्ता नसला ना, तर काउंटरवरचा केरळी माणूस नुसतं नाही म्हणत नाही. 'कढीपत्ता माफी, मॅडम' म्हणतो. आपल्याकडे 'संपला' म्हणतात आणि पाठ फिरवतात."

"मग तिथेच राहा," रत्नप्रभा म्हणाली होती.

ऑक्टोबर लागला तेव्हा चिझुकोबाईंनी बाकावर एक फोटो आणला. मुलाचं काम संपलं होतं, अठरा तारखेच्या पहाटे सगळे कायमचे जपानला परत निघणार होते. सामान बांधताना फोटो सापडला होता.

फोटोत एक काटकुळा माणूस उभा होता. अंगात दुसऱ्या कुणाचा तरी ढगळ कोट. शेजारी एक बाई. आणि दोघांच्या मधे चार-साडेचार वर्षांची मुलगी, पण तिचा चेहरा दिसत नव्हता. ती पाठ करून उभी होती.

"मी," पाठीवर बोट ठेवून चिझुकोबाई म्हणाल्या. हा एक मराठी शब्द त्यांनी वर्गात मिळवला होता. मग माणसावर बोट ठेवलं. "फादर. प्रिझन. कम्युनिस्त."

बाई सरसावून बसल्या. इतिहास म्हटला की त्यांच्या अंगात निराळंच बळ यायचं. हळूहळू कळलं ते असं. वडील तोक्योतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. युद्धाच्या विरोधातली पत्रकं छापली म्हणून एकेचाळीसच्या हिवाळ्यात त्यांना पकडून नेलं. तेव्हा चिझुको आठ महिन्यांची होती.

"वॉर खलास," चिझुकोबाई म्हणाल्या. "ऑगस्त. एव्हरीबदी कम होम. सोल्जर कम होम. फादर, नो. सेप्तेंबर, नो. ऑक्तोबर तेन, फादर कम."

"युद्ध ऑगस्टमधे संपलं आणि वडील ऑक्टोबरमधे? व्हाय? व्हाय टू मन्थ्स?"

चिझुकोबाईंनी दोन्ही तळवे वर केले. मग हवेत लिहिल्यासारखं केलं. "गव्हर्नमेंत से, यू राइत पेपर. यू से सॉरी. यू गो होम."

बाईंना एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. "अँड फादर? पेपर?"

"पेपर माफी."

"ही सेड सॉरी?"

"सॉरी माफी," चिझुकोबाई म्हणाल्या. ताठ बसल्या आणि छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाल्या, "माय फादर, सॉरी माफी."

बाईंना भरून आलं. बापाने माफीनामा लिहून दिला ही गोष्ट इतक्या वर्षांनी इतक्या मोकळेपणाने, ताठ मानेने सांगायला काय धैर्य लागत असेल! आणि फोटोतली पाठमोरी मुलगी! तिचाही अर्थ लागला. बापाने माफी मागितली, लोकांनी नावं ठेवली, पोरीने लाजेने तोंड फिरवलं.

"यू तेल चिल्द्रन," चिझुकोबाई म्हणाल्या. "फ्रायदे. ऑक्तोबर तेन. एइती इयर." मग मुलाच्या व्हिलाकडे बघून हात हलवला. "माय हाउस, नोबदी आस्क."

दहा ऑक्टोबर खरोखरच शुक्रवारी येत होती. सुटकेला बरोबर ऐंशी वर्षं. बाईंनी घरी जाऊन वहीत लिहून काढलं: 'ऑगस्टमधे युद्ध संपले. सरकारने माफीचा कागद मागितला. दोन महिने विचार करून वडिलांनी तो लिहून दिला. दहा ऑक्टोबरला सुटका.' 'दोन महिने विचार करून' हे शब्द चिझुकोबाईंनी सांगितले नव्हते. पण ते तिथे इतके चपखल बसले की बाईंच्या लक्षातही आलं नाही.

दहा तारखेला चिझुकोबाई राखाडी रेशमी ब्लाउज घालून आल्या आणि पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसल्या. हजेरीला "हाजारु" झालं. फोटो टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. भाषांतर करून सांगायला नुपूर त्यांच्या शेजारी.

"आज आपण राजबंदी हा शब्द शिकू," बाई म्हणाल्या. "राजबंदी म्हणजे कोण?"

"रॉयल प्रिझनर!" कुणाल ओरडला. "राजाला पकडलं!"

"राजाने पकडलं," इनाया म्हणाली. "ए, नाही? बाई, राज म्हणजे राजा ना?"

"इथे राज म्हणजे राज्य. ज्याने चोरी केली नाही, मारामारी केली नाही, पण ज्याचं म्हणणं राज्य चालवणाऱ्यांना पटलं नाही म्हणून त्याला तुरुंगात टाकलं, तो राजबंदी."

"फक्त म्हणण्यासाठी?" कुणालने विचारलं. "मग मम्मी मला रोज टाकेल."

मुलं हसली, नुपूरने कानात सांगितल्यावर चिझुकोबाईही हसल्या. बाई रंगात आल्या. जपानमधले कम्युनिस्ट कसे होते, कुणी छापखान्यात काम करणारे, कुणी शिक्षक, कुणी शेतकऱ्यांमधे राहणारे. लढाई नको म्हणाले म्हणून तुरुंगात गेले. काहींची तर तिथे सतरा-अठरा वर्षं गेली. मुलं गप्प होऊन ऐकत होती. नुपूर कुजबुजत होती. चिझुकोबाईंनी डोळे मिटले होते.

"मग युद्ध संपलं. सरकार म्हणालं, माफीचा कागद लिहून द्या आणि घरी जा. आपल्या चिझुको आजींचे वडील दोन महिने विचार करत बसले. घरी बायको होती, लहान मुलगी होती. शेवटी त्यांनी माफी लिहून दिली आणि दहा ऑक्टोबरला ते सुटले. मुलांनो, यात कमीपणा नाही. माणूस आपल्या माणसांसाठी—"

चिझुकोबाईंनी डोळे उघडले होते. त्या नुपूरकडे बघत होत्या. नुपूरने वाक्य पुन्हा सांगितलं. त्यांनी तिला तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

मग त्या उठल्या. टेबलापाशी आल्या, बाटलीला टेकवलेला फोटो उचलला, पदराआड मूल घ्यावं तसा छातीशी घेतला आणि बाईंकडे न बघता म्हणाल्या,

"चिगाऊ."

पुन्हा एकदा, हळू. "चिगाऊ." आणि निघून गेल्या. काचेचं दार आपोआप, सावकाश बंद झालं.

"आजी, व्हॉट डिड आय से?" नुपूर रडकुंडीला आली होती. "आय जस्ट सेड की, ही रोट ॲन अपॉलॉजी. तू तेच म्हणालीस ना?"

"तेच म्हणाले गं."

"मग?"

बाईंनी तो शब्द हजेरीपटाच्या कोपऱ्यात लिहून तिच्यापुढे धरला.

नुपूरने टॅब्लेटवर शोधून काढलं. "चिगाऊ मीन्स डिफरंट. वेगळं."

"वेगळं? काय वेगळं?"

"आय डोन्ट नो. डिफरंट. दॅट्स ऑल."

आता आली पंचाईत! वेगळं म्हणजे काय? बाईंनी गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगायला हवी होती? ही गोष्ट बाकावर सांगायची वेगळी आणि वर्गात सांगायची वेगळी असं काही होतं का? पण त्यांनीच तर मुलांना सांग म्हटलं होतं. की मुलांना वडील सांगायचे होते, माफी नव्हती सांगायची?

संध्याकाळी बाई बाकावर जाऊन बसल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात रव्याचे लाडू घेतले आणि चौदा नंबरची घंटी दाबली. मोलकरणीने दार अर्धंच उघडलं. "मॅडम स्लीपिंग," ती म्हणाली. दुपारचे साडेचार वाजले होते. मागे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता आणि जिन्यावर राखाडी सपाता दिसत होत्या, पायांसकट. बाई लाडू देऊन परत आल्या. रात्री डबा दारात ठेवलेला मिळाला, स्वच्छ धुतलेला, रिकामा. लाडू खाल्ले की टाकले, हेही कळेना.

"आई, सोड ना आता," अनय म्हणाला. "जपानी लोक असतातच रिझर्व्ह्ड. माझ्या ऑफिसमधला एक जण सहा वर्षांत माझ्याशी हवामानापलीकडे बोललेला नाही."

"ती माझ्याशी बापाबद्दल बोलली रे."

"मग जास्त बोलल्यासारखं वाटलं असेल."

कदाचित तसंच असेल, असं बाईंना वाटलं. मग वाटलं, तसं नसेलही. एका भलत्या माणसाच्या बापाची लाज आपण दहा पोरांसमोर मांडली, आणि वर 'यात कमीपणा नाही' म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला. शनिवारी ती निघून जाणार. जपान किती लांब, तिचं वय चौऱ्याऐंशी, आपलं एकाहत्तर. हे असंच राहिलं तर कायमचं असंच राहणार. छत्तीस वर्षांत हजारो पोरांना शिकवलं, पण आपल्या वर्गातून कुणी असं उठून गेलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी त्या कढीपत्त्यासाठी बकाल्यात गेल्या. काउंटरवरच्या माणसाने नेहमीप्रमाणे मान हलवली. "कढीपत्ता माफी, मॅडम. टुमॉरो."

आज बाईंचं मन आधीच कातर झालेलं. "अहो, साध्या कढीपत्त्यासाठी कशाला रोज माफी मागता?" त्या हिंदीत म्हणाल्या. "मीच सगळ्यांची माफी मागायला हवी."

मागे डब्यांच्या रांगा लावत असलेले रहमानभाई वळले. रत्नागिरीचा माणूस, इथे चाळीस वर्षं काढलेली.

"बाई, तो कसली माफी मागतोय?" ते हसायला लागले. "केरळचा हाय तो, माफी मागायचा नाय कधी. अवो, ती अरबी हाय. 'मा फी' म्हंजे नाय. नसलं की मा फी. दूध मा फी, पानी मा फी, अक्कल मा फी."

बाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

"मी पण फसलो होतो पहिल्या सालात," रहमानभाई सांगत होते. "सायबाकडं सुट्टी मागितली. म्हनाला, 'लीव्ह माफी.' मी म्हटलं, वा, लीव्ह माफ झाली, आता कोन इचारतोय! बॅग भरून बसलो. बाई? बाई, पानी देऊ?"

"रहमानभाई," बाई हळूहळू म्हणाल्या, "समजा एखादं माणूस म्हणालं, 'पेपर माफी.' तर?"

"कागद नाय."

"'माय फादर, सॉरी माफी'?"

रहमानभाईंचं हसू थांबलं. "बापानं सॉरी म्हटलं नाय," ते म्हणाले. "कोन म्हनालं असं?"

बाई कढीपत्ता विसरून घरी आल्या. नुपूर शाळेतून येईपर्यंत दारातच उभ्या होत्या. आल्या आल्या तिला टॅब्लेट उघडायला लावला. "बघ, दोन महिने का लागले ते शोध. माझ्या मनाने नको. जे लिहिलंय ते वाच."

नुपूर वाचत गेली, अडेल तिथे अर्धं मराठी अर्धं इंग्रजी करत. हरलेल्या सरकारने युद्ध संपल्यावरही राजबंद्यांना सोडलं नव्हतं. तो जुना कायदाच चालू ठेवला होता. त्या मधल्या आठवड्यांत काही जण तुरुंगातच मेले. मग देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी सैन्याकडून चार ऑक्टोबरला हुकूम निघाला की यांना सोडा, आणि दहा तारखेला तुरुंगाची दारं उघडली.

"अँड लिसन, आजी. हे आधीचं आहे. ज्यांनी मत बदललं असं लिहून दिलं, त्यांतल्या पुष्कळांना खूप आधीच सोडलं होतं. वॉरच्या पण आधी."

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणजे कागद लिहिला असता तर तो माणूस ऑक्टोबरपर्यंत आत राहिलाच कशाला असता? दहा ऑक्टोबर ही तारीखच सांगत होती की कागद नव्हता. इतिहासाच्या शिक्षिकेला तारीख वाचता आली नाही! एका ओळखीच्या शब्दावर विसंबून त्यांनी सगळी जागा मनचं लिहून भरून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुलं हॉलमधे जमली. बाईंनी हजेरीपट काखेत घेतला. "चपला घाला. वर्ग आज बाहेर आहे."

चौदा नंबरच्या व्हिलासमोर गाडी ठेवायच्या सावलीत बाईंनी दहा मुलं रांगेत उभी केली. आजूबाजूला खोकीच खोकी. वरच्या खिडकीचा पडदा किंचित हलल्यासारखा वाटला, की वातानुकूलित यंत्राचा वारा होता, कोण जाणे. बाईंनी पट उघडला आणि खणखणीत आवाजात नावं घ्यायला सुरुवात केली. "इनाया." "हजर!" "कुणाल." "हजर!" "नुपूर." "हजर." दहा नावं झाली.

"चिझुको हायासे."

कुणालने मान वळवून दाराकडे पाहिलं.

बाईंनी पट उघडाच ठेवला. मग त्या मुलांकडे न बघता, दाराकडे तोंड करून बोलू लागल्या. मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. बाकावरच्या भाषेत.

"वॉर खलास. ऑगस्ट. गव्हर्नमेंट डोअर ओपन? मा फी. सप्टेंबर, डोअर ओपन? मा फी. गव्हर्नमेंट से, राइट पेपर. चिझुको'ज फादर, पेपर मा फी." त्या दाराकडे एक पाऊल सरकल्या. "सॉरी मा फी. साइन मा फी. ऑक्टोबर टेन, फादर कम. लास्ट फ्रायडे, टीचर राँग. टीचर अक्कल मा फी."

इनाया फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला.

"मागच्या शुक्रवारी बाईंनी चुकीचं शिकवलं," बाई आता मुलांना म्हणाल्या. "मला एक गोष्ट माहीत नव्हती. तिथे मी रिकामी जागा सोडायला हवी होती. मी मनचं भरलं. एका माणसाने चार वर्षं तुरुंगात काढली, पण जे लिहायचं नाही ते लिहिलं नाही. आणि मी ऐंशी वर्षांनी ते त्याच्या नावावर लिहून टाकलं."

दार उघडलं. चिझुकोबाई राखाडी सपाता घालून उभ्या होत्या. हातात तोच फोटो. खोक्यात भरलेला नव्हता, याचा अर्थ काय घ्यायचा हे बाईंना कळलं नाही, आणि आता त्या कशाचाच अर्थ घ्यायला धजत नव्हत्या.

चिझुकोबाई पायऱ्या उतरून आल्या. मुलांसमोर वाकल्या आणि फोटोतल्या पाठमोऱ्या मुलीवर बोट ठेवलं.

"मी," त्या म्हणाल्या. "फोर इयर. प्रिझन गेत. रेन. मेनी पीपल, मेनी मेनी. मदर से, लुक, फादर! आय लुक." त्यांनी काटकुळ्या माणसावर बोट आणलं आणि चार वर्षांच्या पोरीसारखी जोरजोरात मान हलवली. "चिगाऊ! चिगाऊ!"

"वेगळं?" कुणालने विचारलं.

नुपूरचे डोळे मोठे झाले. "नाही रे. ती म्हणाली... हे नव्हेत! हे माझे बाबा नव्हेतच, असं! आजी, चिगाऊ म्हणजे 'हे ते नाही.' चूक!"

"वन इयर," चिझुकोबाई म्हणाल्या. "वन इयर आय नो से फादर. आय से, अंकल." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, आठवड्यात पहिल्यांदाच. "यू तेल, पेपर येस. आय थिंक, चिगाऊ. नॉत माय फादर. अगेन, नॉत माय फादर."

बाईंना खूप काही बोलायचं होतं. पन्नास शब्दांत त्यातलं काहीच बसत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तोंडातून आपसूक आलं ते मराठीच आलं. "माफी."

आणि म्हटल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं की या बाईच्या कानावर काय पडलं असेल. नाही. नाही कशाला? काय नाही?

चिझुकोबाईंनी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी ते हात आपल्या दोन्ही हातांनी खाली केले.

"माफी," त्या मान हलवत म्हणाल्या. "माफी, माफी."

मग त्या वळून रांगेच्या टोकाला, कुणालच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ ताठ, तोंड बाईंकडे.

"हाजारु," त्या म्हणाल्या.

बाईंनी पटावर खूण केली.

पुढचा तासभर वर्ग त्या सावलीतच झाला. कुणी खोक्यांवर बसलं, कुणी पायरीवर. फोटो हातोहात फिरला. साडेदहाला मुलं निघाली तेव्हा चिझुकोबाईंनी प्रत्येकाला एकेक गोळी दिली. तिची चव गोड होती की खारट, यावर पार फाटकापर्यंत मुलांचं भांडण चाललं होतं.

कुणाल मात्र वही उघडून मागे रेंगाळला. आज त्याने पहिल्यांदाच सगळं लिहून घेतलं होतं, मोडक्या-तोडक्या मराठीत, तारखांसकट.

"बाई, एक राहिलं," तो म्हणाला. "शेवटी त्या माफी म्हणाल्या ना. ती मराठी की अरबी? म्हणजे त्यांनी तुम्हाला माफ केलं, की माफी नाहीच देणार म्हणाल्या, की माफी मागायची गरजच नाही म्हणाल्या?"

बाईंनी चौदा नंबरच्या दाराकडे पाहिलं. चिझुकोबाई दारातच होत्या, मोलकरणीला कुठलं तरी खोकं पुन्हा उघडायला सांगत होत्या. त्यांनी फोटो अजून हातातच धरला होता.

"मला नाही कळलं रे," बाई म्हणाल्या. "तिथे रिकामी जागा सोड."